पायाकडची बाजू

"माणिक, ही कबर तुमच्या घरची नाही गं."

लूकस मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि दफनाची वही माझ्याकडे फिरवली. चिंचखडीच्या ख्रिस्ती देवळामागे एक चिंचोळी खोली आहे. पाळकसाहेबांचे झगे तिथेच टांगलेले असतात, प्रभुभोजनाचे पेले तिथेच, आणि मंडळीच्या शंभर वर्षांच्या वह्याही तिथेच. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या वह्यांची राखण करायचे. मला पहिलीत पाढे त्यांनीच शिकवलेले.

"सत्तेचाळीस नंबर. वाच तूच. माझे डोळे अधू झालेत, पण एवढेही नाहीत."

मी वाचलं. सन एकोणीसशे एकवीस. वाटसरू, पुरुष. नाव-गाव ठाऊक नाही. पटकीने मयत.

"मास्तर, नंबर चुकला असेल. आजीची कबर आहे ती. आई पाच वर्षांची असल्यापासून दर वर्षी रंगवते तिला."

"मला का ठाऊक नाही? तुझी आई आणि मी एकाच बोर्डिंगात वाढलो. पण मी काल स्वतः पावलं मोजून आलो. चिंचेकडून तिसरी रांग, कोपऱ्यातली. सत्तेचाळीसच."

"मग आजीची कुठली?"

मास्तरांनी वही मिटली. "छत्तीस सालची पानं मी तीनदा चाळली. मार्था शांतवन वैरागर नावाचं दफन या वहीत नाही."

ही दोन हजार चारची गोष्ट. आई तेव्हा सत्तर वर्षांची. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, आता घरी न्या. त्यांना जे हवं ते द्या." आईला एकच गोष्ट हवी होती. तिला तिच्या आईच्या कबरीत ठेवायचं.

आमच्यात ते चालतं. पंचवीस वर्षं उलटली की जुनी कबर उघडून त्याच घरचं माणूस तिच्यात ठेवता येतं. बाप लेकाला जागा करून देतो, सासू सुनेला. पण चिंचखडीचं कबरस्तान भरलं होतं, आणि पंचकमिटीने ठराव केला होता: वहीत नोंद असेल त्याच घरासाठी जुनी कबर उघडायची, बाकीच्यांनी रस्त्यापलीकडच्या नव्या माळावर जायचं. आईला माळ नको होता. "तिथे मी कुणाला ओळखत नाही," असं ती म्हणायची.

घरी गेले तर आई उशीला टेकून बसलेली. धाकटा भाऊ शमू तिला चमच्याने पेज भरवत होता. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "लूकसने अडवलं ना? लहानपणापासून खोडच आहे त्याला. बोर्डिंगात भाकरीसुद्धा मोजून द्यायचा."

"नोंद सापडत नाहीये, आई. सापडेल. कुणी साक्षीदार आहे का, विचारत होते."

"साक्षीदार कशाला? बाबांनी स्वतः माझा हात धरून दाखवली ती कबर. मी सारखी विचारायचे, आई कुठंय, आई कुठंय. एक दिवस कीर्तनाचा फेटासुद्धा न उतरवता मला घेऊन गेले. म्हणाले, ही बघ. इथे आहे. आता विचारू नकोस." आईने पेजेचा चमचा हाताने बाजूला केला. "मी पुन्हा विचारलं नाही."

आजोबांना, म्हणजे शांतवनबुवांना, सगळा तालुका ओळखायचा. आपल्या प्रभूचं कीर्तन करावं तर बुवांनी. पायात घुंगरू नाही, अंगाला गंध नाही. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, मागे एक पेटी आणि झांज. पूर्वरंगात लोक पान खात बसायचे, गप्पा मारायचे. उत्तररंगाला हरवलेल्या मेंढीचं आख्यान सुरू झालं की पान तोंडातल्या तोंडात राहायचं. त्यांनी स्वतः जुळवलेली ती साकी मला अजून पाठ आहे:

नव्याण्णवांना ठेवुनि मागे, धनी निघाला रानी
एका चुकल्या मेंढीसाठी डोळां आले पाणी

या ओळीला आजोबा डोळे मिटत. नेहमीच. बायका पदर डोळ्यांना लावत आणि म्हणत, गेलेल्या बायकोची आठवण येते हो बुवांना. आईही तेच म्हणायची. मी त्या ओळीवर इतक्या वेळा रडलेय की प्रार्थना करताना तोंडात तीच येते.

"आणि साक्षीदार हवाच असेल," आई म्हणाली, "तर लूकसला सांग, वाटेवरच्या परक्या माणसानेसुद्धा त्या कबरीला हात लावलाय. तुला सांगितलंय ना, तू पोटात होतीस तेव्हाचं?"

सांगितलं होतं, बऱ्याचदा. पण तिला बोलू दिलं.

"पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी. एकसष्ट साल. सगळे कबरी रंगवून गेले होते, मीच मागे राहिलेली. सातवा महिना, वाकवत नव्हतं. उन्हाने जीव चाललेला. तेवढ्यात एक बाई आली, नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर. म्हणाली, कुणाची गं ही? म्हटलं, माझ्या आईची. ती उभीच राहिली. मग म्हणाली, कितवा? म्हटलं, सातवा. तर माझ्या हातातली चुन्याची बादली काढूनच घेतली की! म्हणाली, सातव्यात ओझं उचलतात का, आण इकडं. मी डोक्याकडची बाजू रंगवत होते, तिने पायाकडची रंगवली. काय सारखा हात होता तिचा! कुंचा नव्हता दुसरा, तर चिंधी बुडवून रंगवलं."

"मग?"

"मग काय. हात कोपरापर्यंत पांढरे झाले तिचे. म्हणाली, हातावर पाणी घालतीस का? माझ्या कळशीत तळाला होतं थोडं, फुलांना हवं होतं. म्हटलं, बाई, पलीकडे विहीर आहे, तिथे जा. गेली बिचारी." आई दमली होती. "लूकसला सांग हे. परकी माणसं उगाच कुणाच्या कबरीला हात लावत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत गेले. मास्तर मला बघून उठले नाहीत, की बस म्हणाले नाहीत. टेबलावर एक दुसरीच वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची.

"रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "तुझ्या आईचं थोडंच राहिलंय, उगाच कशाला, असंही वाटलं. पण तू माझी विद्यार्थिनी. चुकीचं उत्तर घेऊन तुला घरी कसं पाठवू?"

ती पंचांच्या सभेची वही होती. छत्तीस सालचा ऑगस्ट. अक्षर सुरेख, शाई तपकिरी झालेली. लिहिलं होतं की मार्था, शांतवन वैरागर यांची पत्नी, हिने मुलीला देवी आल्या असता मरीआईला नवस केला व फेडला. पंचांपुढे बोलावून पश्चात्ताप करण्यास सांगितले. तिने उत्तर दिले, "पोर वाचली. आता खोटं कसं म्हणू?" सबब तिचे नाव मंडळीच्या यादीतून काढण्यात येत आहे. शांतवन यांनी कीर्तनसेवा चालू ठेवायची असल्यास तिच्याशी संबंध ठेवू नये. खाली पाच सह्या. पाचवी आजोबांची.

मी ती सही बोटाने पुसून पाहिली. का पाहिली, कोण जाणे.

"म्हणजे ती मेली नाही," मी म्हणाले.

"माहेरी गेली. ढवळपिंपरीला. तिथनं पुढचं या वहीला ठाऊक नाही."

ढवळपिंपरी चिंचखडीपासून चौदा मैल. आम्ही लहानपणी बोरं आणायला त्या गावावरून गेलोय.

निघताना मी घरातला एकुलता एक जुना फोटो पर्समध्ये टाकला. आजोबा खुर्चीवर, मांडीवर दोन वर्षांची आई, आणि उजवीकडचा भाग कापलेला. कसरीने खाल्ला, असं आम्हाला सांगितलेलं. पण कडा कात्रीची सरळ होती, आणि आईच्या खांद्यावर एक हात उरला होता. मनगटापर्यंतच. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या असाव्यात. काळ्यापांढऱ्यात त्या काळ्याच दिसतात.

ढवळपिंपरीत बस थांबते तिथेच पारावर विचारलं. "मार्था म्हणून..." कुणालाच माहीत नाही. मग माझ्या लक्षात आलं, ते नाव तर बाप्तिस्म्याचं. गावाने ते कधी ऐकलंच नसणार. मी म्हटलं, "बुवा कीर्तनकाराची बायको, जी परत आली होती." एक म्हातारा लगेच म्हणाला, "ठकू व्हय? तिच्या भावजयीकडं जावा, गयाबाईकडं. तांबड्या दाराचं घर."

गयाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी पोटात व्हतीस ती तू?"

"कुणाच्या पोटात?"

"बस आदी. पाणी पी." त्यांनी स्वतः तांब्या आणून दिला. "वन्संची नात माज्या वट्यावर बसंल, आसं वाटलं न्हवतं. माजी नणंद ती. म्या लगीन हून आले तवा हितंच व्हत्या. गावानं घेतल्या माघारी, पर पंचांनी आट घातली, तिकडं पाऊल टाकायचं न्हाई. हिकडं पंच, तिकडं पंच. बाईनं कुटं जावं?"

"त्या गेल्या नाहीत मग कधी?"

"गेल्या की! लपून जायाच्या. बुवांचं कीर्तन आसलं की. पदर नाकापतुर ओढून मागं बसायच्या बायांत. म्या बी गेले येकदा संगं. ते मेंढीचं लावलं त्यांनी. समद्या बाया रडाय लागल्या. ह्या न्हाई रडल्या. म्हनलं, वन्सं, तुमास्नी कायच न्हाई का वाटत? तर म्हनल्या, 'धन्याला ठावं हाय मेंढी कुटं हाय ती. चौदा मैलाव.'"

आत कुठेतरी भांडं पडलं. गयाबाईंनी आत बघत "शुक शुक" केलं, मांजर बाहेर पळालं.

"पोरगीचा लई ध्यास व्हता. बोर्डिंगाच्या कुंपनापतुर जाऊन यायच्या. बोलायच्या न्हाईत. म्हनायच्या, तिला सांगितलंय म्या मेले म्हनून. आता कुटं भूत हून उबी ऱ्हाऊ? मग कुनी तरी सांगितलं, तुजी कबर बी हाय तितं, लेक रंगीवती. त्या वर्सी गेल्या. उन्हाळा व्हता. सांजच्याला आल्या त्या ह्ये आसं..." गयाबाईंनी दोन्ही हात पुढे धरले, बोटं पसरून. "कोपरापतुर पांढरं."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"म्हनलं, वन्सं, हात धुवा, चुना कातडं खातो. म्हनल्या, नगं. तीन दीस धुतलं न्हाईत. उजवा हात फुटला, रगत आलं. तरी न्हाई. म्हनल्या, 'गया, पोरीनं लई चांगली ठिवलीया गं मला. पांढरीफेक. येवडी तर जित्तेपनी बी कुनी ठिवली न्हाई.'"

"पाणी मागितलं होतं त्यांनी," मी म्हणाले. "आईने दिलं नाही. विहिरीवर जा म्हणाली."

"त्ये न्हाई सांगितलं मला कदी." गयाबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "विहिरीव गेल्या आस्त्या तर हात पांढरं कशाला ऱ्हायले आस्ते? पोरीचा चुना म्हनून ठिवला त्यांनी, बाई. पान्याचं मनाला लावू नगं."

"पुन्हा गेल्या नाहीत?"

"न्हाई. कीर्तनाला बी न्हाई. म्हनल्या, मेलेल्या मानसानं सारकं दारात उबं ऱ्हाऊ नये."

एकोणऐंशीत त्या गेल्या. ओढ्याच्या काठाला पुरलं, वर एक दगड ठेवला, पुढच्या पुरात दगड गेला. मी फोटो काढून विचारलं, त्यांचा एखादा फोटो असेल का, कसाही. गयाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. त्या कापलेल्या हातावर अंगठा फिरवला.

"आमच्याकडं कुटला? ह्यो हात तेवडा ऱ्हायला, त्यो बी तुमच्याकडं."

बसमध्ये मी ठरवलं की आईला यातलं काहीही सांगायचं नाही. मास्तरांच्या पाया पडेन, पंचांपुढे रडेन, पण आईला तिची कबर मिळू दे आणि डोळे मिटू दे. सत्तर वर्षांच्या बाईला आता आणखी अनाथ का करायचं? घरी आले, हातपाय धुतले, तिच्याजवळ बसले.

"सापडलं का गं नाव?"

"सापडलं," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं." तिचा चेहरा इतका निवांत झाला की मला माझ्या खोटेपणाचं कौतुकच वाटलं. तिने माझा हात हातात घेतला. "बुवांची साकी म्हण."

मी म्हटली. पहिली ओळ, दुसरी ओळ. आई ओठ हलवत होती. मग थांबली आणि पत्र्याकडे बघत म्हणाली, "माणिक, वर गेल्यावर ती ओळखेल का गं मला? दोन वर्षांची होते मी. मोठेपणी तिने मला बघितलंच नाही. एवढ्या लोकांत मी जाऊन उभी राहणार, आणि ती म्हणणार, ही कोण म्हातारी? रोज रात्री हेच येतं मनात. मरणाचं भय नाही मला. ह्याचं आहे."

तेवढं मला सोसलं नाही.

"ओळखेल," मी म्हणाले. "बघितलंय तिने तुला. सातवा महिना होता."

मी सगळं सांगितलं. पंचांची वही, मरीआईचा नवस, चौदा मैल, पांढरे हात. शमू दारात येऊन उभा राहिला होता. तो मला खुणेने "बस, बस" करत होता. पण मी अर्ध्यात कशी थांबणार होते?

आई रडली नाही. म्हणाली, "देवी आल्या होत्या मला. वण आहेत की." तिने गालावरून हात फिरवला. "बाबा म्हणायचे, प्रभूने वाचवलं."

"त्यानेच वाचवलं, आई."

"हो. पण तिने मागितलं ना?" आणि मग एकदम तिने डोळे घट्ट मिटले, काही तरी आठवू पाहणाऱ्या माणसासारखे. "तोंड आठवत नाही गं. एवढी समोर होती. मी कुंच्याकडेच बघत होते, ओघळ येऊ नयेत म्हणून. हात आठवतात. तोंड... वर बघायला काय झालं होतं मला?"

त्यानंतर तिने पेज घेतली नाही. कुणी बळेच चमचा लावला तर तोंड फिरवायची. मधूनच दोन्ही हात अंथरुणावर पुढे करून म्हणायची, "बाई म्हटलं मी तिला. कळशीत पाणी होतं. फुलांना कशाला हवं होतं पाणी?" गयाबाई काय म्हणाल्या ते मी पुन्हा पुन्हा सांगितलं: हात तिनेच धुतले नाहीत, तिला तो चुना ठेवायचा होता. आई ऐकून घ्यायची, आणि पुन्हा हात पुढे करायची.

मास्तर भेटायला आले तेव्हा त्यांनी वहीतलं खरं सांगून टाकलं: सत्तेचाळीसमध्ये कुणी वाटसरू आहे. मला वाटलं, आता ही म्हणेल मला माळावर न्या. आई म्हणाली, "लूकस, मला त्यातच ठेवा."

"अगं, पण आई नाही तुझी तिथे."

"हात लागलाय तिचा तिथे. पायाकडच्या बाजूला. माझ्या आईचा हात लागलेली दुसरी जागा सांग मला. एक माझा खांदा, आणि एक ती कबर."

मास्तरांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. मग म्हणाले, "याच पंचांनी एकदा एका बाईचं नाव खोडलंय. एक मी लिहीन. जाब द्यायचा तो मी वर देईन."

नवव्या दिवशी आई गेली. लूकस मास्तरांनी सत्तेचाळीस नंबरच्या त्या वाटसरूखाली तिचं नाव लिहिलं: तबिथा. आणि पुढे, मला न विचारता, 'मार्था ऊर्फ ठकू हिची मुलगी.' पंचकमिटीत कुणी हरकत घेतली नाही. उतरवताना मी कबर खणणाऱ्याला सांगितलं, पाय इकडे. तो म्हणाला, ठाऊक आहे, ताई.

शमू अजून म्हणतो, "ताई, आई शांत गेली असती. ते नऊ दिवस तू तिच्याकडून हिरावून घेतलेस." आता कीर्तनं फारशी होत नाहीत आमच्याकडे. कुठे कुणी मेंढीचं आख्यान लावलं की मी मागे, बायकांत जाऊन बसते.

सोळा वर्षं झाली. दर वर्षी त्या शनिवारी मी दोन बादल्या घेऊन कबरस्तानात जाते. एक चुन्याची, एक पाण्याची. डोक्याकडची बाजू मी रंगवते, मग पायाकडची, चिंधीने. सगळे गेले तरी थोडा वेळ बसते. चुना संपलेला असतो. पाण्याची बादली भरलेलीच परत आणते.